एकास सत्त्याऐंशी

खेळण्यातील आगगाडी म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे किल्ली दिल्यावर गोल फिरणारा पत्र्याचा डबा उभा राहतो. चार दिवस मुले त्याच्याशी खेळतात, पाचव्या दिवशी चाक निखळते आणि सहाव्या दिवशी तो माळ्यावर जातो. युरोपात मात्र या खेळण्याचा इतिहास निराळा आहे. तेथे गेली सव्वाशेहून अधिक वर्षे या लहानशा आगगाडीभोवती मापांचे एक शास्त्र उभे राहिले, त्या मापांवर कारखाने चालले आणि काही मोडलेही. ज्या कुटुंबांची पत पिढ्यान् पिढ्या मापाच्या खरेपणावर टिकली आहे, त्यांनी या खेळण्याचा हिशेब एकदा समजून घ्यावा असा आहे.

या इतिहासाचा आरंभ आगगाडीने होत नाही, बाहुलीच्या स्वयंपाकघराने होतो. जर्मनीच्या दक्षिणेस ग्योपिंगेन नावाचे गाव आहे. तेथे थिओडोर मेर्कलिन या पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराने १८५९ मध्ये बाहुल्यांसाठी चिमुकली भांडी बनवायला सुरुवात केली. अवघ्या सात वर्षांत, १८६६ मध्ये, तो अपघाताने गेला. त्याची पत्नी कॅरोलिन हिने धंदा मोडू दिला नाही. ज्या काळी विक्रीसाठी गावोगाव फिरणे हे पुरुषांचेच काम समजले जाई, त्या काळी ती मालाचे नमुने घेऊन दक्षिण जर्मनी व स्वित्झर्लंडमध्ये फिरली. १८८८ मध्ये मुलांनी पेढी आपल्या हाती घेतली आणि ‘मेर्कलिन बंधू’ हे नाव रूढ झाले. पुढे फ्रिझ आणि साफ्ट ही दोन घराणी भागीदार म्हणून आली. तीन कुटुंबांची ही पेढी जवळजवळ एक शतक टिकली.

बाहुलीच्या घराने या मंडळींना एक धडा शिकवला होता. एकदा बाहुलीचे घर विकले की गिऱ्हाईक पुढच्या वर्षी तिच्यासाठी चूल मागते, त्याच्या पुढच्या वर्षी पाळणा. मूळ वस्तू एकदाच विकली जाते, पण तिला लागणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षे विकल्या जातात. हाच विचार आगगाडीला लावता येईल काय? अडचण एकच होती. त्या काळी प्रत्येक कारखानदार आपल्या मनाला येईल त्या रुंदीचे रूळ बनवीत असे. एकाचा डबा दुसऱ्याच्या रुळावर चालत नसे आणि खुद्द एकाच कारखानदाराचा नवा डबा त्याच्याच जुन्या रुळावर बसेल याचीही खात्री नसे. १८९१ च्या लाइपझिग येथील जत्रेत मेर्कलिनने इंग्रजी आठच्या आकड्यासारखा रूळमार्ग मांडला आणि रुळांच्या रुंदीला क्रमांक दिले: एक, दोन आणि तीन. आज एक क्रमांकाची गाडी घ्या, पुढच्या दिवाळीला आणखी डबे घ्या. ते त्याच रुळावर चालतील, असे ते आश्वासन होते. नव्या यंत्रापेक्षा हे आश्वासन मोठे होते. आज घेतलेली वस्तू उद्या निरुपयोगी ठरणार नाही, हा भरवसा प्रथमच खेळण्याबरोबर विकला गेला.

हे क्रमांक पुढे खाली खाली घसरत गेले. एक क्रमांकाच्या दोन रुळांतील अंतर ४५ मिलिमीटर. त्याहून लहान गाडी निघाली तेव्हा एकाखाली आकडा उरला नव्हता, म्हणून तिला शून्य म्हटले. तिचे रूळ ३२ मिलिमीटरचे. घरे लहान झाली, मध्यमवर्गीयांच्या बैठकीत जागा उरेना, तेव्हा १९३५ मध्ये जेवणाच्या टेबलावर मांडता येईल अशी गाडी आली. तिचे रूळ १६.५ मिलिमीटरचे. शून्याखाली आणखी काय असणार? जर्मन लोकांनी या मापाला पुढे ‘हाल्ब नुल’, म्हणजे अर्धे शून्य, असे नाव दिले. गणिताच्या दृष्टीने अर्धे शून्य हेही शून्यच; पण व्यापाराच्या दृष्टीने जगातील सर्वांत यशस्वी माप हेच ठरले. ‘एच-झीरो’ किंवा ‘एचओ’ या नावाने ते आज सर्वत्र ओळखले जाते आणि त्याचे प्रमाण आहे एकास सत्त्याऐंशी.

या प्रमाणाचा ताळा करून पाहणे मोठे रंजक आहे. युरोपातील बहुतेक देशांच्या खऱ्या रुळांतील अंतर १४३५ मिलिमीटर असते. त्याला ८७ ने भागले की १६.५ येतात. हिशेब चोख जुळतो. पण लांबी ८७ पटींनी कमी झाली की क्षेत्रफळ ७,५६९ पटींनी आणि आकारमान ६,५८,५०३ पटींनी कमी होते. त्यामुळे सव्वाशे टनांच्या इंजिनाची प्रतिकृती न्यायाने दोनशे ग्रॅमच्या आतच भरायला हवी. प्रत्यक्षात धातूचे चांगले मॉडेल याहून पुष्कळ जड ठेवतात, कारण हलके इंजिन रुळाला धरत नाही आणि चढावर त्याची चाके जागच्या जागी फिरतात. वेगाचेही तसेच. ताशी ६५ किलोमीटर धावणारे इंजिन टेबलावर सेकंदाला केवळ २१ सेंटिमीटर पुढे सरकायला हवे. एवढा संथपणा लहान मुलाला कसा मानवणार! तो नियंत्रकाची मूठ शेवटपर्यंत फिरवतो आणि मालगाडी विमानाच्या वेगाने पळू लागते.

सर्वांत मोठी तडजोड वळणांची. टेबलावरील सर्वांत लहान वळणाची त्रिज्या सुमारे ३६ सेंटिमीटर असते. तिला ८७ ने गुणले तर खऱ्या जगात ती ३१ मीटरांच्या आसपास येते. आल्प्स पर्वतातील गॉटहार्ड मार्गावर, जेथे अभियंत्यांनी डोंगराच्या पोटात मार्ग वळवून वळवून नेला आहे, तेथेही वळणाची त्रिज्या २८० मीटरांखाली गेली नाही. याच मार्गावरचा बोगदा १५ किलोमीटर लांबीचा. प्रमाणात मांडायचा तर त्याला १७२ मीटर लांबीची खोली हवी. म्हणून टेबलावरचा बोगदा हातभर असतो आणि गाडी त्यात शिरताच दुसऱ्या बाजूने तिचे तोंड दिसू लागते. इंजिनाच्या अंगावरचा एकेक खिळा प्रमाणात असतो, पण ते ज्या जगात धावते ते जग प्रमाणात नसते. या खेळाची सारी कला कोठे काटेकोर राहायचे आणि कोठे सैल व्हायचे, हे ठरवण्यात आहे.

गॉटहार्डचे नाव आले, तेव्हा तेथील प्रसिद्ध इंजिनाची ओळख करून घेणे प्राप्त आहे. स्वित्झर्लंडमध्ये पाणी विपुल, पण कोळसा नाही. पहिल्या महायुद्धात परदेशी कोळसा मिळेनासा झाला, मिळाला तर परवडेनासा झाला आणि देशाच्या रेल्वेची चाके रखडली. तेव्हा डोंगरातील पाण्यावर वीज निर्माण करून गॉटहार्ड मार्ग विजेवर चालवण्याचे काम वेगाने हाती घेण्यात आले. या चढासाठी १९१९ ते १९२२ या काळात जी अवजड मालगाड्यांची विद्युत इंजिने बांधली गेली, त्यांना लोकांनी नाव दिले ‘क्रोकोडील’, अर्थात मगर. पहिल्या मालिकेत ३३ आणि १९२६-२७ च्या दुसऱ्या मालिकेत १८, अशा एकूण ५१ मगरी या घाटात राबल्या.

मगर हे नाव उगाच पडले नाही. या इंजिनाच्या पुढे-मागे दोन लांब, बुटकी नाके होती आणि मध्ये चालकाची उंच खोली. नाकांत मोटारी, मधल्या भागात जडशीळ ट्रान्सफॉर्मर. मोटारींची शक्ती चाकांच्या बाजूंनी फिरणाऱ्या पोलादी दांड्यांनी चाकांपर्यंत पोचवली जाई. १९ मीटरांहून लांब असे हे धूड एकसंध असते तर घाटातील वळणे त्याला पेलली नसती. म्हणून त्याचे अंग तीन ठिकाणी विभागले आणि सांध्यांनी जोडले. वळणावर आले की मगर कमरेत वाकावी तसे ते वाके. हिरव्या रंगाचे, दांडे हलवत चढ चढणारे हे इंजिन स्वित्झर्लंडच्या रेल्वेची ओळखच बनून गेले. त्यांपैकी काही १९८० च्या दशकापर्यंत कामावर होती. एक आज लुसर्नच्या वाहतूक संग्रहालयात पाहायला मिळते.

१९४७ मध्ये, युद्धानंतरच्या टंचाईच्या दिवसांत, मेर्कलिनने या मगरीची टेबलावरची आवृत्ती बाजारात आणली. अभियंत्यांनी खऱ्या घाटासाठी जे सांधे योजले होते, तेच सांधे खेळण्याच्याही कामी आले. सुमारे २२ सेंटिमीटर लांबीचे इंजिन ३६ सेंटिमीटरच्या वळणावर सहज वळू लागले. मूळ वस्तूची रचना विचारपूर्वक केलेली असेल तर तिची प्रतिकृतीही बिनतक्रार चालते, याचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. ज्या मुलाच्या घरी ‘मगर’ असे, त्याचा रुबाब काही वेगळाच असे. कारण ती महाग होती आणि बहुतेकांना दुकानाच्या काचेतूनच पाहावी लागे.

या मगरीची एक सख्खी नातेवाईक महाराष्ट्रात येऊन राहिली, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने मुंबईहून पुणे आणि इगतपुरीकडे जाणारे घाटमार्ग विजेवर चालवायचे ठरवले. बोरघाटाचा चढ सदतीसास एक, म्हणजे हजार मीटर पुढे गेल्यावर सत्तावीस मीटर वर. गॉटहार्डचा चढही जवळपास एवढाच. जेथे चढ सारखा तेथे उपायही सारखा. १९२८ पासून जी इंजिने आली, त्यांतील पहिली स्वित्झर्लंडमधील विंटरथुर येथील त्याच कारखान्यात बांधली गेली होती, जेथे गॉटहार्डच्या मगरी बांधल्या गेल्या. तीच दोन नाके, तीच मधली खोली, तेच सांधे, तेच बाजूचे दांडे. एकूण ४१ इंजिने आली. पुढे त्यांना ‘डब्ल्यूसीजी-१’ असे अधिकृत नाव मिळाले, पण रेल्वेच्या माणसांनी कागदावरचे नाव बाजूला ठेवून त्यांना ‘खेकडा’ म्हटले. स्विस माणसाला जेथे मगर दिसली, तेथे आपल्या माणसाला खेकडा दिसला!

या खेकड्यांनी बोरघाट व थळघाटात अनेक दशके मालगाड्या चढवल्या. घाटात गाडीला मागून रेटा देणाऱ्या इंजिनाला रेल्वेच्या बोलीत ‘बँकर’ म्हणतात. तेही काम त्यांनी केले. उतारवयात यार्डात डबे हलवण्याचे हलके काम त्यांच्या वाट्याला आले. आज एक खेकडा दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आणि एक मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात उभा आहे. मुलांना घेऊन विज्ञान केंद्रात जाणारी कुटुंबे बरीच असतात. आतील प्रयोगांच्या ओढीने या इंजिनासमोरून घाईने निघून न जाता पाच मिनिटे तेथे थांबावे. त्याचे सांधे आणि दांडे दाखवून मुलांना सांगावे की याचा भाऊबंद आल्प्समध्ये राबला आणि त्याच भाऊबंदाची छोटी मूर्ती जगभरच्या टेबलांवर अजून फिरते आहे.

आता मापाच्या एका प्रसिद्ध फसगतीविषयी. इंग्लंडमध्ये पूल आणि बोगदे फार पूर्वी बांधले गेल्यामुळे तेथील इंजिने युरोपातील इंजिनांपेक्षा अंगाने लहान. १९२० च्या दशकात टेबलावरच्या गाड्या बनू लागल्या, तेव्हा त्या लहानशा अंगात त्या काळची मोटार मावेना. मग इंजिन थोडे मोठे करावे असा मार्ग निघाला. प्रमाण एकास ७६.२ झाले, पण रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचेच राहिले. पुढे फ्रँक हॉर्नबी यांच्या कंपनीने १९३८ मध्ये याच मापात गाड्या काढल्या. हॉर्नबी हे मूळचे लिव्हरपूलच्या एका मांस-आयातदाराकडील हिशेबनीस. मुलांसाठी तुकडे जोडून यंत्रे बनवण्याचा ‘मेकॅनो’ हा खेळ त्यांचाच. हिशेबनिसाच्या नावाने चालणाऱ्या या गाड्यांचा हिशेब मात्र जुळत नव्हता. १६.५ ला ७६.२ ने गुणले तर १२५७ मिलिमीटर येतात. खरे अंतर १४३५. म्हणजे प्रत्येक इंग्लिश गाडी १७८ मिलिमीटर अरुंद रुळावरून धावते आहे. बरोबर अंतर १८.८३ मिलिमीटर असायला हवे होते.

ही चूक सर्वांना ठाऊक आहे. मोजके जिद्दी लोक १८.८३ चे रूळ स्वतःच्या हातांनी घालतात आणि इंजिनांची चाके बदलून घेतात. बाकीचा बाजार जुन्याच मापाने चालतो. कारण लाखो घरांत ते रूळ अंथरलेले आहेत आणि माप बदलले तर ते सारे निकामी होतील. आपल्याकडे १९५७ मध्ये आणे जाऊन नवे पैसे आले, पाठोपाठ शेर आणि मण जाऊन किलोग्रॅम आला. जुन्या पेढ्यांवर काही वर्षे दोन्ही हिशेब शेजारी शेजारी चालले, पण शासनाचा कायदा पाठीशी होता म्हणून बदल पार पडला. खेळण्यांच्या जगाला शासन नाही. तेथे एकदा दिलेला शब्द हाच कायदा आणि चुकीचा असला तरी तो मोडायला कोणी धजावत नाही.

भारतीय गाड्यांची प्रतिकृती करणाऱ्यांपुढेही हाच पेच आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. एकास सत्त्याऐंशी या प्रमाणात त्याला १९.२६ मिलिमीटरचे रूळ हवेत. बाजारात सहज मिळणारे रूळ १६.५ चे. त्यामुळे डेक्कन क्वीनची प्रतिकृती बहुधा युरोपच्या रुंदीवर उभी असते. ज्याला आपली गाडी आपल्या रुळावर पाहायची आहे, त्याने रूळही स्वतः घडवावेत, एवढाच मार्ग उरतो.

लहानात लहान होण्याची चढाओढ पुढेही चालू राहिली. १९६० च्या दशकात ९ मिलिमीटर रुळांची ‘एन’ गाडी आली. १९७२ मध्ये मेर्कलिनने ६.५ मिलिमीटर रुळांची, एकास २२० प्रमाणाची गाडी आणली आणि तिला ‘झेड’ हे इंग्रजी वर्णमालेतील शेवटचे अक्षर दिले. याहून लहान काही संभवत नाही, असा त्यामागचा विश्वास. पण पुढे जपानमधून ३ मिलिमीटर रुळांची, एकास ४५० प्रमाणाची गाडी आलीच. शेवटचे अक्षर कोणीही लिहू नये, हेच खरे.

मेर्कलिनच्या वाट्यालाही शेवटचे अक्षर जवळजवळ आले होते. मुलांचे लक्ष पडद्यावरील खेळांकडे वळले, गिऱ्हाईक वयाने वाढत गेले आणि किमतीही वाढल्या. २००६ मध्ये तिन्ही कुटुंबांनी पेढी एका गुंतवणूकदार कंपनीला विकली. ४ फेब्रुवारी २००९ रोजी, स्थापनेच्या दीडशेव्या वर्षात, ती नादारीच्या अर्जासह न्यायालयाच्या दारी उभी राहिली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कारखाना बंद पडला नाही. २०१० च्या अखेरीस धनकोंनी पुनर्रचनेचा आराखडा मान्य केला आणि २०१३ मध्ये खेळण्यांच्याच धंद्यातील एका जर्मन कुटुंबाने ती विकत घेतली. धनकोंना वसुलीसाठी यंत्रसामग्री आणि जागा होतीच. पण खरी मालमत्ता ताळेबंदात कोठेही लिहिलेली नव्हती. ज्या घरांत जुने रूळ होते, ती घरे नवा डबा घ्यायला अजून तयार होती. आजोबांच्या तरुणपणी घेतलेले इंजिन नातवाच्या नव्या रुळांवर चालू शकते, हा भरवसा नादारीतही शाबूत राहिला होता.

संग्राहकांना मात्र एक गोष्ट बजावून सांगायला हवी. जुन्या मगरीला मूळ खोक्यासह मोठा भाव आल्याच्या बातम्या ऐकून कोणी या गाड्यांकडे ठेव म्हणून पाहू नये. सोन्याला तोळ्याचा भाव असतो. खेळण्याला फक्त हौशीचा. हौस करणारी पिढी मागे सरली की भावही सरतो. घ्यायची तर चालवण्यासाठी घ्यावी.

आणि चालणारी गाडी पाहणाऱ्यांची वाण नाही. जर्मनीतील हॅम्बुर्ग बंदरात, जेथे एके काळी कॉफी, चहा, मसाले आणि गालिचे यांची कोठारे होती, त्याच जुन्या इमारतीत २००१ मध्ये ‘मिनियाटूर वुंडरलांड’ हे लघुजग सुरू झाले. एकास सत्त्याऐंशी प्रमाणात तेथे हजाराहून अधिक गाड्या धावतात आणि स्वित्झर्लंडचे पर्वत छताला भिडतात. आपल्या पुण्यातही कोथरूडला जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांना हा आनंद देत आले आहे. अशा ठिकाणी हातातला फोन खिशात ठेवून मुले कठड्याशी ओळंबून उभी राहतात आणि त्यांच्या मागे त्यांचे वडीलही.

मराठीत ‘प्रमाण’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, दोन वस्तूंमधील मापाचा संबंध. दुसरा, ज्यावर विसंबावे असा आधार. खेळण्यातल्या आगगाडीने हे दोन्ही अर्थ एकत्र आणले. तिचे माप काही ठिकाणी तंतोतंत होते, काही ठिकाणी चुकले, वळणांवर आणि बोगद्यांत तर उघड उघड सैल झाले. तरीही १८९१ मध्ये एका जत्रेत दिलेला शब्द, की उद्याचा डबा आजच्या रुळावर बसेल, कारखानदारांनी आपल्या परीने पाळला. मालक बदलले, एक पेढी बुडता बुडता वाचली, पण रुळांतले साडेसोळा मिलिमीटर हलले नाहीत. धंद्यात पुष्कळ गोष्टी काळाप्रमाणे बदलाव्या लागतात. त्यांतली कोणती कधीच बदलायची नाही, हे ज्याने आधी ठरवले, त्याच्या दारात गिऱ्हाईक पुन्हा येते.